शेपटावरचे दोन तुकडे

दिवाळी आली की आमच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. बुरुजावर अळीव उगवतात, मावळे पहाऱ्याला येतात. गेल्या वर्षी नातवाने त्या लवाजम्यात एक विमान आणायचे ठरविले. जर्मनांचे मेसरश्मिट १०९! मूळ विमान १९३५ साली प्रथम उडाले आणि युद्ध संपेपर्यंत तेहतीस हजारांवर तयार झाली. आमचे मात्र त्याच्या बहात्तराव्या हिश्शाचे. या पंखापासून त्या पंखापर्यंत जेमतेम चौदा सेंटिमीटर.

खरे सांगायचे तर मला भुरळ पडली ती पेटीतल्या कागदाची. त्यावरच्या चित्रांना डिकल म्हणतात. चित्र वार्निशाच्या पापुद्र्यावर छापलेले, खाली पाण्यात सुटणारा डिंक. कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवायचे आणि दुधावरची साय सरकवावी तसे कुंचल्याने विमानावर सरकवायचे.

हा चिमुकला कागद म्हणजे एक बखरच. आकड्याच्या रंगावरून तुकडी कळते. पिवळा १४ हा हान्स-योआखिम मार्सेय याचा. त्याच्या नावावर १५८ विमाने मांडलेली होती. ३० सप्टेंबर १९४२ रोजी इजिप्तच्या वाळवंटावर इंजिनातून धूर निघाला, त्याने उडी टाकली, पण स्वतःच्याच विमानाचे शेपूट लागून तो गेला. वय अवघे बावीस! दुसरा आडॉल्फ गॅलांड. त्याने विमानावर रंगविला होता चिरूट ओढणारा मिकी माऊस. अमेरिकेचा उंदीर जर्मनांच्या विमानावर!

नातू खदखदून हसला. मग शेपटाचे डिकल शोधताना थबकला. "आजोबा, हे स्वस्तिक तुटलंय."

तुटले नव्हते, मुद्दाम तोडून छापले होते. जर्मन कायद्यात नाझींची चिन्हे मिरविणे हा गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन, कला यांना सवलत असली, तरी खेळण्यांचे कारखानदार धोका पत्करीत नाहीत. कुणी ते चिन्ह गाळतात, कुणी असे तुकडे देतात. जोडणे न जोडणे घेणाऱ्याच्या हातात.

"जोडू नकोस हो," घरातून आवाज आला. ही उंबऱ्यावर रांगोळीचे स्वस्तिक काढीत होती. "आपलं शुभचिन्ह ते!"

आता काय सांगावे? आपले स्वस्तिक पायावर उभे असते, पोटात चार ठिपके असतात. विमानाच्या शेपटावरचे काळे, कोनावर तिरके उभे केलेले. पण पोराला दोन्ही सारखीच दिसणार. मी त्याला त्या चिन्हाखाली मारल्या गेलेल्या लाखो ज्यू माणसांची, त्यांतल्या त्याच्याच वयाच्या मुलांची हकीकत सांगितली. मिकी माऊसवर हसलेला पोर गप्प झाला. मग म्हणाला, "मग जोडायलाच हवं. नाहीतर नुसता उंदीरच दिसेल."

आम्ही दोघांनी चिमट्याने ते तुकडे जोडले. हात माझाच थरथरत होता. ते विमान किल्ल्यावर मात्र गेले नाही. हिने बजावले होते, आणि नातवानेही हट्ट धरला नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटात, युद्धाच्या इतिहासाशेजारी, ते अजून आहे.