परक्या मातीचा स्वर

पंक संगीताची लाट ओसरल्यावर, १९८५ सालीं, निक केव्ह या ऑस्ट्रेलियन गायकाची ‘द फर्स्टबॉर्न इज डेड’ ही काळोख्या वृत्तीची तबकडी निघाली. ध्वनिमुद्रण बर्लिनचें, विषय मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांचा. १९३५ सालीं टुपेलो गांवीं एल्व्हिस प्रेस्लीच्या आधीं त्याचा जुळा भाऊ मृत जन्मला. शीर्षकांतील ज्येष्ठ पुत्र तोच. केव्ह येथें सुरेलपणाच्या मागें लागत नाहीं. धर्मोपदेशकासारखा कधीं पुटपुटतो, कधीं गर्जतो. हें निव्वळ अनुकरण काय? ‘कंट्री’ या ग्रामीण ढंगाच्या संगीताचा अध्वर्यु जॉनी कॅश यानें गाइलेलें एक गीत त्यानें येथें गाइलें. पुढें २००० सालीं वृद्ध कॅशनें केव्हचें ‘द मर्सी सीट’ गाइलें. उसनवारीची याहून मोठी फेड ती कोणती!