‘मी केले’ म्हणण्याचे स्वातंत्र्य

भंडारा जिल्ह्यातील कोंढा हे गाव पवनी तालुक्यात मोडते. याच तालुक्यात, वैनगंगेकाठच्या पवनी येथे, नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वीच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. तेथील शिलाखंडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. अमक्याचे हे दान, एवढाच त्यांचा मुख्य आशय. परंतु दान अमक्याचे आहे असे म्हणताच आपण एक गोष्ट गृहीत धरतो : ते त्याने आपण होऊन दिले, न देणेही त्याच्या हाती होते.

बुद्धाच्या काळी ही गोष्ट सर्वांना मान्य नव्हती. आजीवक पंथाचा आचार्य मक्खली गोसाल म्हणे की, सर्व काही नियतीने ठरलेले आहे. सुताचा गुंडा फेकला असता सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव आपले ठरलेले फेरे पुरे करतो. पुरुषार्थाने त्यात तसूभरही फरक पडत नाही. पूरण कस्सप याच्या मते तर हत्या करणाऱ्यालाही पाप लागत नाही. (याच आजीवकांना सम्राट अशोकाने बराबर टेकडीतील गुंफा दान दिल्या, ही इतिहासाची मौजच म्हणावयाची.)

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात ही मते मगधराज अजातशत्रूच्या तोंडून येतात. या राजाने सिंहासनासाठी आपला पिता बिंबिसार याचा वध केला होता. पितृघातक्याला कस्सपाच्या मताहून अधिक सोयीचे मत कोणते मिळणार? तरी त्याचे समाधान झाले नाही. बुद्धाचा उपदेश ऐकल्यावर आपण पित्याचा वध केला, हे त्याने स्वमुखाने कबूल केले. माझ्या मते इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने इतका बोलका दाखला तर्कशास्त्रात सापडणे कठीण आहे.

आठ-नऊशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीन याच वळणावर आले. सुमारे नऊ वर्षे ते मानीपंथी होते. पाप मी करीत नाही, माझ्यातील कोणी दुसरीच प्रकृती ते करते, या शिकवणीने आपला अहंकार कसा सुखावत असे, हे त्यांनी आपल्या आत्मकथनात निःसंकोच लिहिले आहे. पुढे त्यांनी इच्छास्वातंत्र्यावर स्वतंत्र ग्रंथ रचला. इच्छा स्वतंत्र असली तरी ती दुबळी आहे, कृपेवाचून उभी राहत नाही, हा विचार त्यांनी पेलागियसशी झालेल्या वादात अधिकाधिक आग्रहाने मांडला.

मराठीत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो तुरुंगात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या कारागृहात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले; १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या प्रकरणात कर्माची साखळी मान्य करूनही आत्म्याला ते स्वतंत्र ठरवितात. कर्म देहेंद्रियांना बांधते, आत्म्याची मोक्षाकडील ओढ त्याला बांधता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

परंतु कर्माची साखळी केवळ ज्याच्या त्याच्या गळ्यात नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले व पराभूत झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मक्खली गोसालाचा नियतिवाद तर आहेच. शिवाय पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर त्यांनी कठोर प्रश्न विचारला आहे. दरिद्री व दलित मनुष्य आपल्या पूर्वकर्माची फळे भोगतो असे एकदा म्हटले, की त्याच्या दुःखाची जबाबदारी ना राज्यावर उरते, ना समाजावर. अजातशत्रूला जी पळवाट पुरली नाही, ती एका अख्ख्या समाजाला शतकानुशतके पुरली.