संचलन बघायला जाण्याची कुळकथा

राष्ट्रीय दिनाचं संचलन म्हटलं की आपल्याला आधी शिस्त आठवते. पण त्याचं मूळ शोधत गेलं, तर आधी भेटते ती गर्दी, आणि तीही पोराबाळांसह आलेली. संचलन सरकारचं असलं, तरी ते बघायला जाण्याची रीत लोकांनी पाडली.

सुरुवात १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला झाली. रावीच्या काठी काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन ठरवला. तो रविवार होता. देशभर झेंडावंदन झालं, सभा भरल्या, लोकांनी शपथ घेतली. पुढे १९४७ पर्यंत स्वातंत्र्यदिन म्हणजे २६ जानेवारीच. बंदोबस्ताला सरकारी पोलीस, आणि तरीही माणसं घराबाहेर पडत. उत्सवाला सहकुटुंब जाणारा समाज आता स्वातंत्र्यालाही तसाच जाऊ लागला.

मग १५ ऑगस्ट १९४७ उजाडला. त्या संध्याकाळी दिल्लीत इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कात ध्वजारोहण आणि लष्करी संचलन व्हायचं होतं. अंदाजाच्या कितीतरी पट लोक आले. कडेवर मुलं घेतलेल्या बायका, म्हातारीकोतारी, सगळे दाटीवाटीनं पुढे सरकत राहिले, आणि संचलनाला जागाच उरली नाही. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांना बग्गीतून खाली उतरता येईना. गर्दीत सापडलेल्या काही बायकामुलांनाच त्यांनी बग्गीत चढवून घेतलं. संचलन सोडून द्यावं लागलं. तिरंगा मात्र वर चढला, आणि त्याच वेळी आकाशात इंद्रधनुष्य उमटलं. लाल किल्ल्यावर नेहरूंनी झेंडा फडकवला तो दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला.

संविधान अंमलात आणायला २६ जानेवारी १९५० हा दिवस निवडला, तो जुन्या स्वातंत्र्यदिनाचा मान राखण्यासाठीच. त्या दिवशीचं संचलन आयर्विन स्टेडियमवर झालं. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो प्रमुख पाहुणे होते. नंतरची काही वर्षं संचलनाची जागा बदलत राहिली. १९५५ पासून ते राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, स्थिरावलं. कडेला प्रेक्षकांसाठी रांगा आखल्या गेल्या, राज्यांचे चित्ररथ निघू लागले. २०१५ साली महाराष्ट्राच्या पंढरीच्या वारीनं त्यात पहिला क्रमांक मिळवला.

आपल्याकडे महाराष्ट्रात संचलनाचा मान मुंबईतल्या दादरच्या शिवाजी पार्कचा. २६ जानेवारीला आणि १ मे रोजी तिथे संचलन होतं. मुलांना घेऊन गेलात तर एक गोष्ट जरूर दाखवा. मानवंदनेच्या मंचाजवळ आल्यावर ‘दहिने देख’चा हुकूम सुटतो आणि सगळ्या माना एका झटक्यात उजवीकडे वळतात. पण उजव्या टोकाचे जवान मान वळवत नाहीत. त्यांची नजर समोरच असते, कारण ओळीची दिशा त्यांनी सांभाळायची असते.

हे बारकावे दूरदर्शनवर निसटतात, म्हणून मैदानावर जायला हवं. त्याहून मोठं कारण असं, की १९४७ च्या त्या संध्याकाळी संचलन झालं नाही तरी स्वातंत्र्यदिन साजरा झाला, तो लोक आले म्हणून. संचलनाला आजही अर्थ येतो तो बघायला येणाऱ्यांमुळेच. तेव्हा पोरांना पहाटे उठवा, आजीलाही सोबत घ्या, आणि जवळच्या मैदानावर जा. तिथली जागा आपल्या आधीच्या पिढ्यांनी हक्कानं मिळवलेली आहे.