लहान शाळेतून ‘नीट’पर्यंत : भिलाई परिसरातील विद्यार्थ्यांनी काय जाणून घ्यावे

भिलाई (छत्तीसगड) : भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याने भिलाईला देशाच्या नकाशावर आणले. कारखान्यासोबत शाळा आल्या आणि त्यांच्या मागोमाग शिकवणी वर्गही आले. मात्र दुर्ग जिल्ह्यातील पाटण किंवा धमधा, अथवा शेजारच्या बालोद जिल्ह्यातील गुंडरदेही येथील लहान शाळेत शिकणाऱ्या मुलीला वैद्यकीय प्रवेशासाठी शहरातील विद्यार्थ्यांचीच प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. तिच्यापुढील अडचण केवळ अभ्यासाची नसते. भाषा, रहिवास आणि जातीचा दाखला यांबाबत झालेली एखादी चूक चांगल्या गुणांवरही पाणी फिरवू शकते.

परीक्षेचे स्वरूप

‘नीट-यूजी’ प्रथम २०१३ मध्ये झाली. त्याच वर्षी ती सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवली आणि २०१६ मध्ये पुन्हा लागू केली. २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) ही परीक्षा घेते. २०२० पासून ‘एम्स’ आणि ‘जिपमर’ येथील एमबीबीएस प्रवेशही याच परीक्षेद्वारे होतात.

२०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि एकूण ७२० गुण होते. जीवशास्त्राचे ९०, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ प्रश्न विचारले गेले. अचूक उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. त्या वर्षी २२ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजेच ‘पात्र’ ठरणे आणि प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. खुल्या प्रवर्गासाठी तिन्ही विज्ञान विषयांत मिळून ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० टक्के गुणांची अट आहे.

शिक्षक कमी असतील तर

लहान शाळेत तिन्ही विषयांना स्वतंत्र शिक्षक असतीलच असे नाही. अशा वेळी सर्वांत भक्कम आधार एनसीईआरटीच्या अकरावी व बारावीच्या पाठ्यपुस्तकांचा असतो. ही पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. जीवशास्त्राचा निम्मा भार पेपरवर असल्याने या विषयाची पुस्तके आकृत्या, तक्ते आणि त्यांखालील मजकुरासह वाचावीत. अभ्यासक्रम दोन्ही वर्षांचा असतो. अकरावी ‘सोपे वर्ष’ समजून सोडून दिल्यास बारावीत बोर्डाच्या परीक्षेसोबत ती भरून काढणे जड जाते.

शिक्षकाची उणीव बहुधा भौतिकशास्त्रात अधिक जाणवते, कारण तेथे वाचनापेक्षा उदाहरणे सोडवण्याचा सराव लागतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘साथी’ या विनामूल्य मंचावर ‘नीट’साठी ध्वनिचित्रफिती आणि सराव चाचण्या आहेत. राज्य शासनाने आदिवासी व नक्षलग्रस्त भागातील विद्यार्थ्यांसाठी २०१० मध्ये ‘प्रयास’ निवासी विद्यालये सुरू केली. तेथील प्रवेश नववीत होतो. त्यामुळे पालकांनी आठवीतच चौकशी करणे योग्य.

वेळेचे गणितही शिकावे लागते. जीवशास्त्राचे ९० प्रश्न ४५ मिनिटांत सोडवता आले, तर उरलेल्या ९० प्रश्नांना सरासरी दीड मिनिट मिळते. परीक्षा कागदावर होत असल्याने सराव चाचणीतही उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे रंगवण्याची सवय करावी. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर केवळ बोटाने पर्याय निवडून ती सवय लागत नाही.

नावापुरता प्रवेश देणाऱ्या ‘डमी’ शाळेचा मार्ग जोखमीचा आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने बोर्डाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थितीची अट ठेवली आहे.

भाषेची निवड

ही परीक्षा मराठीसह १३ भाषांत होते. मात्र मराठी प्रश्नपत्रिका केवळ महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. भिलाई, दुर्ग किंवा रायपूर येथील केंद्र घेणाऱ्या मराठी कुटुंबातील विद्यार्थ्याला हिंदी, इंग्रजी किंवा उर्दू यांतूनच निवड करावी लागते. हिंदी निवडल्यास प्रश्नपत्रिका द्विभाषिक असते आणि अनुवादाबाबत संदिग्धता निर्माण झाल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. म्हणून हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी पर्याय अकरावीपासूनच सोबत लिहून ठेवावा. छत्तीसगड शासनाने २०२४ मध्ये हिंदीतून एमबीबीएस शिक्षणाची घोषणा केली आहे.

रहिवास आणि दाखले

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. उर्वरित ८५ टक्के जागा राज्याच्या असतात. राज्यात रायपूर, बिलासपूर, जगदलपूर, राजनांदगाव, रायगड आणि अंबिकापूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दुर्ग येथील चंदूलाल चंद्राकर स्मृती वैद्यकीय महाविद्यालय राज्य शासनाने २०२१ मध्ये अधिग्रहित केले. रायपूरच्या ‘एम्स’मधील जागांचे समुपदेशन केंद्रीय समितीच करते.

राज्याच्या कोट्यासाठी छत्तीसगडचा मूळ निवासी दाखला लागतो. कारखान्यातील नोकरीनिमित्त दोन पिढ्यांपूर्वी विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी येथे विशेष दक्षता घ्यावी. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे व तेथील अधिवास आवश्यक असतो. ‘गाव नागपूरकडचे आहे’ एवढे पुरेसे ठरत नाही. भिलाईत शिकलेल्या मुलाकडे छत्तीसगडचा दाखलाही नसेल, तर दोन्ही राज्यांच्या कोट्यांची दारे बंद होण्याची शक्यता असते.

जातीच्या दाखल्याचेही तसेच आहे. एका राज्यात अनुसूचित असलेली जमात दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर आपोआप तो दर्जा टिकवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात १९९० मध्ये स्पष्ट केले. तो वादही नोकरीनिमित्त स्थलांतरित झालेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाचाच होता. त्यामुळे निवासी, जात आणि उत्पन्नाचे दाखले निकालानंतर नव्हे, तर अकरावीतच तपासून घ्यावेत. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी आहे का, हेही पाहावे.

एक प्रयत्न हुकला तर

ग्रामीण व शासकीय शाळांतील विद्यार्थी या स्पर्धेत मागे पडतात, याची दखल काही राज्यांनी घेतली आहे. तमिळनाडूने २०२० मध्ये शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या जागांत ७.५ टक्के, तर मध्य प्रदेशाने २०२३ मध्ये पाच टक्के आरक्षण लागू केले.

‘नीट’साठी कमाल वयोमर्यादा नाही आणि प्रयत्नांच्या संख्येवरही बंधन नाही. मात्र पुन्हा परीक्षा देण्याचा निर्णय घेण्यापूर्वी गेल्या वर्षी राज्याच्या कोट्यात आपल्या प्रवर्गाचा प्रवेश किती गुणांवर थांबला, हे पाहावे. आपले गुण आणि ती मर्यादा यांतील अंतर एका वर्षात भरून निघणारे आहे का, याचा कुटुंबाने शांतपणे विचार करावा. दंतवैद्यक आणि ‘आयुष’ अभ्यासक्रमांचे प्रवेशही याच गुणांवर होतात; परिचर्या पदवीचा मार्गही खुला असतो.