समवयस्कांचा दबाव आणि खर्रा

बरोबरीच्या मुलांनी आपल्याला आपले मानावे यासाठी स्वतःचे मत किंवा वागणे बदलण्याची ओढ म्हणजे समवयस्कांचा दबाव. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि कॅथरीन मोनाहन यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार या दबावापुढे टिकण्याची ताकद १४ ते १८ या वयात वाढत जाते. त्याआधीची मुले सहज ओढली जातात.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या’ या म्हणीत संगतीचा परिणाम आला आहे, पण सगळ्यांची संगत सारखी लागत नाही. जेफ्री कोहेन व मिचेल प्रिन्स्टीन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अकरावीच्या अमेरिकन मुलांना, आपण संगणकावरून शाळासोबत्यांशी बोलत आहोत, असे भासवले होते. धोकादायक वागण्याला होकार देणारे सोबती शाळेत वजनदार आहेत असे वाटले की मुले त्यांच्या बाजूने झुकत, आणि एकटी असतानाही तेच मत धरून ठेवत. तोच होकार मान नसलेल्या सोबत्यांकडून आला, तर तसे घडत नसे.

विदर्भात हा दबाव खर्ऱ्यात दिसतो. नागपूरच्या दक्षिणेकडील बेसापासून गडचिरोलीपर्यंत पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा मिळतो. एकाची पन्नी, म्हणजे खर्ऱ्याची पुडी, चौघांत फिरते, त्यामुळे ‘नको’ म्हणणे देणाऱ्याला लागते. देणारा गटाचा म्होरक्या असेल, तर नवख्या मुलाला ते अधिकच जड जाते. सुपारी कर्करोगजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. सुपारीच्या सवयीने तोंड पूर्ण उघडेनासे होऊ शकते, आणि हे तरुण वयातही घडते.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आतही नाही. पण खर्रा ठेल्यावरच घोटला जातो, त्याला कारखाना लागत नाही. शिवाय मित्राने पुढे केलेल्या पन्नीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही.

मग या दबावाला उतारा काय? सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील रेघांची लांबी ताडण्याच्या प्रयोगांत, सगळा गट चुकीचे उत्तर देत असताना सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटासारखीच चुकली. बरोबर उत्तर देणारा एक जरी साथीदार मिळाला, तरी हे प्रमाण खूप घसरले. तंबाखूमुक्त शाळेच्या मोहिमांनी इथेच लक्ष द्यायला हवे: व्याख्यानापेक्षा वर्गात मान असलेल्या एका-दोघांचा उघड नकार अधिक उपयोगी पडेल.