सुई जिथे, औषध तिथे?

‘दुखतंय इथं आणि टोचताय तिथं?’ गुडघेदुखीसाठी दंडावर इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तोंडून हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. त्याला हसू नये. ज्यांनी ही सुई प्रचारात आणली, त्या डॉक्टरांचे मतही काहीसे असेच होते.

अलेक्झांडर वुड हे स्कॉटलंडमधील एडिंबरोचे डॉक्टर. खांद्यातल्या ठणक्याने झोप उडालेल्या एका वृद्ध बाईंना त्यांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, जिथे दुखत होते नेमके तिथेच, कातडीखाली मॉर्फिन सोडले. तेही शेरी नावाच्या मद्यात विरघळवून! ठणका थांबला. पण बाई दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपूनच होत्या. खांद्यात दिलेले औषध मेंदूपर्यंत पोचले, याचा आणखी कोणता पुरावा हवा? वुड यांनाही हा परिणाम दिसला होता. तरी खरा गुण दुखऱ्या जागी टोचण्याचाच, हे मत त्यांनी सोडले नाही.

ते खोडले लंडनच्या चार्ल्स हंटर या तरुण डॉक्टरांनी, आणि तेही नाइलाजाने. एकाच जागी वारंवार टोचून रोग्याला गळवे झाली, तेव्हा १८५८ च्या सुमारास त्यांनी सुई दुसरीकडे टोचून पाहिली. आराम तेवढाच पडला! दोघांत कडाक्याचा वाद झाला. अखेर लंडनच्या वैद्यकीय मंडळाने नेमलेल्या समितीने १८६७ मध्ये हंटर यांच्या बाजूने कौल दिला.

हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. औषध पोटात जात नाही, म्हणून त्याची सवयही लागणार नाही, अशी अनेक डॉक्टरांची समजूत होती. रोग्यांच्या हाती सुई दिली जाऊ लागली. क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७० मध्ये धोक्याची सूचना दिली, तोवर पुष्कळ जण मॉर्फिनच्या कह्यात गेले होते.

मग कातडीखाली नेमके होते काय? तिथे चरबीचा सैलसर थर असतो. त्यात सोडलेले द्रव्य आजूबाजूला पाझरते. लहान रेणू बारीक केशवाहिन्यांत शिरून रक्ताबरोबर जातात. मोठे रेणू त्या भिंतींतून सहज जात नाहीत; ते लसिकावाहिन्यांच्या आडवाटेने, रमतगमत, गळ्याच्या बुडाशी शिरेतल्या रक्ताला मिळतात. स्नायूंत रक्तपुरवठा अधिक, म्हणून तिथून औषध सहसा लवकर चढते. साध्या इन्शुलिनचे सहा-सहा रेणू गट करून असतात. गट सुटल्यावरच त्यांना चटकन रक्तात शिरता येते, म्हणून ते जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायचे. पोटावर टोचले तर मांडीपेक्षा ते लवकर लागू पडते. रोज एकाच जागी टोचून गाठ झाली असेल, तर तिथून किती इन्शुलिन कधी शोषले जाईल याचा भरवसा नसतो. साखर अचानक का घसरली हे घरच्यांना कळत नाही. कारण त्या गाठीत असू शकते.

वुड यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दात काढताना हिरडी बधिर करायची, तर औषध तिथेच राहायला हवे. म्हणून दंतवैद्याच्या सुईत बहुधा ॲड्रिनलिनचा अंश मिसळलेला असतो. त्याने जवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषधाचा पुढचा प्रवास काही काळ रेंगाळतो.