गांडुळांना तिसरी मिती

अँडी डेव्हिडसन या इंग्रज तरुणाने 'टोटल वर्मेज' हा खेळ अमिगा संगणकासाठी लिहिला आणि 'अमिगा फॉरमॅट' मासिकाच्या स्पर्धेला पाठवला. परीक्षकांच्या नजरेत तो भरला नाही! यॉर्कशरच्या 'टीम१७' कंपनीने मात्र तो उचलला आणि १९९५ साली 'वर्म्स' बाजारात आला.

खेळ आळीपाळीचा. आपल्या गांडुळाची पाळी आली, की सेकंदांचा काटा सुरू. बझूका चालवायचा तर कोन धरायचा, वाऱ्याची दिशा बघायची, बटण दाबून जोर भरायचा आणि सोडायचं. नेम चुकला तरी जमिनीला भगदाड पडायचं, आणि पुढच्या पाळीला त्याच भगदाडात लपता यायचं. सगळी गंमत या सपाट, बाजूने दिसणाऱ्या नकाशात होती; अंतराचा अंदाज एका नजरेत यायचा.

२००३ साली 'वर्म्स ३डी' आला. त्या काळी सपाट खेळ जुनाट वाटू लागले होते, त्यामुळे ही उडी अपेक्षितच होती. जमीन इथेही फुटायची, हत्यार म्हणून सोडायच्या स्फोटक मेंढ्याही होत्या. पण आता डावं-उजवंही साधायचं होतं आणि त्यासाठी सतत कॅमेरा फिरवावा लागे. टेकडीमागे नेमकं किती अंतर आहे, हे कळेपर्यंत पाळी संपायची. दोरीला लटकून झोके घेत नकाशा पालथा घालणाऱ्या जुन्या खेळाडूंची तर पंचाईतच झाली.

२००५ मध्ये 'वर्म्स ४: मेहेम' हा त्रिमितीतला आणखी एक प्रयत्न झाला. २००६ च्या 'ओपन वॉरफेअर'मध्ये गांडुळं पुन्हा सपाट मैदानात उतरली. १९९९ चा द्विमितीय 'वर्म्स आर्मागेडन' चाहते आजही खेळतात.